आमची वाटचाल: बॉनेटखालचा उजेड

नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्यालगत आम्ही ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंग आणि उधारीवर आणलेली वायरची बंडलं. धंदा टोमॅटोच्या हंगामावर. मार्केटला २०-२० किलोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअप लागल्या की आमच्या दारातही रांग लागायची. कुणाचा हॉर्न, कुणाचा इंडिकेटर, कुणाचा डायनामो.

बॉनेटखाली लाइट बसवायचं खूळ डोक्यात घातलं ओतूरकडच्या एका ड्रायव्हरमामांनी. वाशीचा माल घेऊन जाताना त्यांची गाडी माळशेज घाटात रात्री बंद पडली. भर पावसात मोबाइल तोंडात धरून फ्यूज शोधत होते, तो फोनच इंजिनात पडला. "शेठ, आत कायमचा दिवा द्या बसवून."

दिला. बाजारातली चिकटपट्टीवाली एलईडी पट्टी बॉनेटला आतून लावली आणि १५ दिवसांत मामा परत दारात. इंजिनाच्या उष्णतेने गोंद सुटला होता, पट्टी पंख्याशेजारी लोंबत होती. पुढच्या गाडीला म्हटलं स्क्रू मारू, तर ड्रिल थेट बाहेरच्या पत्र्यातून आरपार गेलं. रंगाचा खर्च आमच्या खिशातून. तेव्हापासून आम्ही आतल्या फ्रेमच्या पट्टीलाच क्लॅम्प मारतो, बाहेरच्या पत्र्याला हात लावत नाही.

गिऱ्हाईक आधी विचारतं, किती वॅटचा? आम्ही विचारतो, उजेड पडणार कुठून? काचेकडच्या बाजूला लावला तर वाकल्यावर डोळ्यांवर येतो. मधोमध एकच लावला तर आपल्याच डोक्याची सावली बॅटरीवर. म्हणून दोन बाजूंना दोन छोटे, इंजिनाकडे कललेले. दोन्ही मिळून १० वॅट पुष्कळ होतात, म्हणजे एक अँपिअरसुद्धा लागत नाही. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; पांढराफटक ६५०० केल्विनचा उजेड तेलकट भागावर चमकतो. ४००० च्या आसपासच्या, कमी निळसर उजेडात तांबडी आणि तपकिरी वायर आम्हाला तरी पटकन वेगळी दिसते. निळे-जांभळे मागणारेही येतात. बसवून देतो, पण त्यात ऑइल गळतंय की पाणी हे ओळखून दाखवा म्हणावं!

पट्टी नुसत्या १२ व्होल्टवर बेतलेली नको, कारण चालू गाडीत चार्जिंग १४ च्या वर जातं. खोक्यावर आयपी ६७ लिहिलेलं असलं तर धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो; पण वॉशिंग सेंटरच्या प्रेशरची हमी त्यात नसते.

खरी मेहनत वायरीत. बॅटरीच्या प्लसला लागूनच २ अँपिअरचा फ्यूज, बिजागरीपाशी बारीक तारांची मऊ वायर आणि तिला थोडी ढील, नाहीतर उघडझाप करून तुटते. आणि बॉनेट उघडलं की दिवा लावणाऱ्या, बंद केलं की विझवणाऱ्या पिन स्विचवर विसंबून राहायचं नाही. एका गाडीचा स्विच चिखलाने अडकला, बॉनेट बंद असूनही दिवा जळत राहिला. मालक लग्नाला गेलेले. चार दिवसांनी आले तर बॅटरी बसलेली. आता पिनच्या जोडीला हाताचा एक बटण स्विच देतोच, त्याचे पैसे वेगळे लावत नाही.

मामांच्या गाडीत सध्या तिसरा संच आहे. दुसऱ्याची वायर उंदरांनी कुरतडली. या खेपेला जाड नळी घातलीय, बघू किती दिवस टिकते.