मिठी दिसते ती फक्त पुलावरून

पवई तलावाच्या बांधापासून माहीमच्या खाडीपर्यंत मुंबईच्या मिठी नदीच्या काठाकाठानं चालायचं, असं मी आणि मामेबहिणीनं ठरवलं होतं. जेमतेम १८ किलोमीटर. पण काठच सापडेना. मरोळ, साकीनाका, बैलबाजार, सगळीकडे तेच. पूल आला की नदी दिसायची, पूल सरला की पुन्हा गोदामं, पत्र्याच्या शेड नाहीतर भिंत. विमानतळाशी तर ती धावपट्टीखालीच गडप होते.

वांद्रे-कुर्ला संकुलात एका नव्या इमारतीमागे पाण्यालगत वाट दिसली. झाडं, बाकं, सावली. पाय दुखत होते म्हणून आत वळलो.

"ताई, इकडून नाही. इथल्याच लोकांसाठी आहे," रखवालदार म्हणाला. नीट बोलला बिचारा, त्याच्यावर राग नाही. पण मला रडूच यायचं बाकी होतं. हे सगळं संकुल खाजणावर भराव घालून उभं राहिलंय. भरती पसरायची ती जागा गेली, आणि आता पाण्याकडे बघायलासुद्धा फाटक?

बहीण माझ्याशी सहमत नव्हती. "बांधकामांना काय म्हणायचं ते म्हण, पण पूर अडवणाऱ्या भिंतींना नावं ठेवू नकोस, ताई." २६ जुलै २००५ ला ती कलिन्याच्या तळमजल्यावरच्या घरात होती. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मामीनं तिला माळ्यावर चढवलं आणि स्वतः छातीभर पाण्यात रात्र काढली. आजही जोराची सर आली की बहीण आधी मोरीत डोकावते. तिच्यापुढे मी काय बोलणार?

तरी बोललेच. भिंत असू दे, पण तिच्या कडेनं सगळ्यांना चालता येईल अशी वाट ठेवा. नवी इमारत बांधाल तर काठ सोडून बांधा. कुर्ल्याच्या पोरांना नदी दिसलीच नाही, तर तिच्यात कोण काय ओततंय ते कळणार कसं? यावर ती म्हणाली, "वाट हवी, पण वस्ती उठवून नको." हे मात्र मला पटलं.

धारावी कोळीवाड्यात एका मावशींनी पाणी दिलं. लग्न होऊन आल्या तेव्हा घरची माणसं खाडीत निवट्या धरायची, म्हणाल्या. आम्ही विचारलं, इथून पाण्यापर्यंत कसं जायचं?

मावशींनी हात उचलला, जरा थांबल्या, आणि आत वळून सुनेला विचारलं, "अगं, आता कुठून जातात?"