हात कुठे ठेवू?

शनिवार, रात्री साडेअकरा

सराफ्यातून, म्हणजे आमच्या इंदुरातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून, आत्ता घरी आले. ओढणीला गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, तेलाचा आणि मसाल्याचा वास येतोय, कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरही एक डाग पडलाय. डोक्यात मात्र अजून सकाळच आहे.

सकाळी कृष्णपुरा छत्रीवर एका जोडप्याचे फोटो काढले. लग्न पुढच्या आठवड्यात. मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी इथली, लोकमान्य नगरातली. चहापोहे, साखरपुडा, एकदा खरेदी आणि बाकी सगळं फोनवर, म्हणजे प्रत्यक्षातली ही चौथी भेट. मुलीच्या आजी आधीच कुरकुरल्या होत्या, "छत्र्या म्हणजे गेलेल्या होळकरांची स्मारकं गं. लग्नाच्या फोटोंना दुसरी जागा नाही का इंदुरात?" मुद्दा बरोबर होता. पण थंडीतलं सकाळचं तिरपं ऊन त्या कोरीव खांबांमधून आत आलं की माझा विवेक जरा ढिला पडतो. आजींना हो हो म्हटलं आणि नेलंच.

पहिला अर्धा तास वाया गेला. मुलगा झेंडावंदनाला आल्यासारखा उभा. मग तो प्रश्न आलाच. बारा वर्षांत मला तो डॉक्टरांनी विचारलाय, वकिलांनी विचारलाय, एका कबड्डीच्या कोचनेही विचारलाय: "ताई, हात कुठे ठेवू?"

पूर्वी मी उत्तर द्यायचे. एक खिशात, एक तिच्या खांद्यावर. तो तसा ठेवायचा, आणि फोटोत दिसायचा तो 'ठेवलेला' हात. आता उत्तर देत नाही, काम देते. आज मुलीने शेवंतीची वेणी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. ती त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "माळ तिला." त्याने आयुष्यात पहिल्यांदा केसांचा आकडा हातात धरला असेल. वेणी दोन्ही हातांत, आता आकडा कुठे ठेवायचा? क्षणभर थांबला आणि सरळ दातांत धरला, अगदी त्याची आई धरत असेल तसा. मुलीने मान वळवली, ते ध्यान पाहिलं आणि तिला असं हसू फुटलं की वेणी अर्धी खाली. तोवर मी ८५ची, दुरूनच चेहरा टिपणारी लेन्स लावून मागे मागे सरकत खांबाच्या आडोशाला गेले होते. त्यांना माझी आठवणही नव्हती.

मागे सरकणं हा निम्मा धंदा आहे. रुंद लेन्स घेऊन तोंडापाशी गेलं की नाक मोठं येतं हे एक, आणि माणूस आक्रसतो हे दुसरं.

ही मुलगी आल्या आल्याच म्हणाली होती, "माझे फोटो चांगले येत नाहीत हं." दहातल्या आठजणी म्हणतात. त्याचं कारण साधं आहे. आपण स्वतःला रोज बघतो ते आरशात, म्हणजे उलटं. कुणाचाच चेहरा दोन्हीकडून तंतोतंत सारखा नसतो, त्यामुळे फोटोतला सुलटा चेहरा आपल्यालाच परका वाटतो. बाकी जगाला तोच ओळखीचा असतो. हे सांगितलं की बऱ्याचजणींचे खांदे खाली येतात. त्यानंतर एवढंच म्हणायचं, "श्वास सोडा." "स्माइल प्लीज" मी बंद करून टाकलंय. ओठ हुकूम ऐकतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा ऐकत नाही. द्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ सालीच हे लिहून ठेवलंय, तरी लग्नाच्या हॉलमध्ये काका लोक ओरडतच असतात.

याच इंदुरात १८७४च्या सुमारास नोकरी करता करता लाला दीनदयाळांनी, पुढे नामांकित फोटोग्राफर झालेल्या, कॅमेरा हातात घेतला. तेव्हा काचेवर फोटो निघायचा, काही सेकंद हलायचं नाही. हसू तेवढा वेळ कुठलं टिकायला! आता सेकंदाच्या पाचशेव्या भागात काम होतं आणि आपण उभे राहतो ते १८७४ सालातलेच. याउलट इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर आणि महाराणी संयोगिताबाईंचे मॅन रे या अमेरिकन फोटोग्राफरने १९३०च्या आसपास काढलेले फोटो. राजा-राणी असून एकमेकांना बिलगलेले, मजेत. गिऱ्हाईक फारच अवघडलं की मी मोबाइलवर ते दाखवते. "महाराजांना जमलं, तुम्हाला का नाही जमणार?"

माझ्या स्वतःच्या लग्नाचा अल्बम मी कुणाला दाखवत नाही. आमच्या फोटोग्राफरने मंगळसूत्र तीनदा घालायला लावलं होतं. "दादा, परत एकदा, इकडे बघून." तिन्ही फोटोंत नवरा गळ्यात मंगळसूत्र घालतोय माझ्या आणि बघतोय त्याच्याकडे. गुरुजी मंत्र थांबवून बसलेले. तो राग अजून गेला नाही, आणि खरं सांगायचं तर मी या धंद्यात आले ती थोडीफार त्या रागानेच.

कारण आपल्या लग्नाच्या विधींत हात कुठे ठेवायचे हे सांगावंच लागत नाही. अंतरपाटाआड दोघांच्या हातांत हार असतात. मंगलाष्टकं लांबतात, हात भरून येतात, अंतरपाट दूर झाला की दोघं आधी हुश्श करतात आणि मग एकमेकांकडे बघतात. लाजाहोमात भाऊ लाह्या घालतो ती ओंजळ, सप्तपदीत धरलेला हात, कानपिळीत नवऱ्याचा लालबुंद कान आणि त्यावरची मेहुण्याची सूड घेणारी दोन बोटं. विधींनी हातांना उसंतच ठेवलेली नाही. खरी पंचाईत होते ती संध्याकाळी रिसेप्शनला. दोन तास स्टेजवर उभं, हात रिकामे.

आज रात्री भावंडांसकट सगळी टोळी सराफ्यात आली. तिथे मला काहीच करावं लागलं नाही. गरम गराडूच तसा आहे, फुंकर मारताना कुणी पोझ देऊ शकत नाही.

आत्ता दहा मिनिटांपूर्वी मुलीच्या आईचा फोन. "सगळे छान आलेत गं, पण समोर बघून एकही नाही. दिवाणखान्यात काय लावायचं?" काकूंचंही चुकत नाही. एक सरळ फोटो लागतोच. तो मी सकाळी निघताना काढलाय, पायऱ्यांवर. पुन्हा तेच झालं होतं, त्याने मान वर करून मला विचारलं, "ताई, हात?" मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "माझी पिशवी धर." आणि त्याने धरली, दोन्ही हातांनी, पोटाशी. दोघंही समोर बघताहेत आणि दोघंही हसताहेत.

तो पाठवला. काकूंचं उत्तर लगेच आलं: फार गोड आहे, फक्त पिशवी दिसायला नको, छातीपासून वरचा कापून दे.

देईन कापून. न कापलेला त्या दोघांना वेगळा पाठवलाय.