आलेखावरचे ‘सिंधुदुर्ग’

गेल्या पावसाळ्यात महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांतील पर्जन्यमानाचा स्तंभालेख मी तयार केला आणि मामांना पाठवला. शाळेत भूगोल शिकवण्यात त्यांची हयात गेली. “स्तंभ दिसतात, पण कोणता कुठल्या जिल्ह्याचा ते कळत नाही,” असे त्यांनी कळवले. जिल्ह्यांची नावे मी आडव्या अक्षाखाली उभी फिरवून लिहिली होती आणि मोबाइलवर ‘छत्रपती संभाजीनगर’ वाचण्यासाठी त्यांना मान वाकडी करावी लागत होती. मला ते फार लागले.

नावे फिरवली एवढाच दोष नव्हता. ‘सिंधुदुर्ग’ हे एकच नाव पाहा: वेलांटी, अनुस्वार आणि रफार शिरोरेषेच्या वर, दोन उकार खाली. रोमन अक्षरांवर बेतून ठरवलेल्या आकारात हे नाव कोंबले की आधी अनुस्वार आणि रफार पुसट होतात, आणि मोकळे दिसावे म्हणून अक्षरांमधील अंतर वाढवले तर शिरोरेषाच तुटते. आलेख मी मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या संगणकीय साधनाने काढला होता; त्याच्या मूळ फाँटमध्ये, म्हणजे देजावू सॅन्समध्ये, देवनागरी नसल्याने आधी नुसते चौकोन उमटले होते. नोटो सॅन्स देवनागरी हा फाँट दिल्यावर अक्षरे आली, पण माझ्याकडील आवृत्तीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसली आणि जोडाक्षरे सुटी झाली.

म्हणून आलेख ब्राउझरमध्ये एसव्हीजी या वेबवरील चित्रांच्या स्वरूपात नव्याने काढला, कारण तेथे अक्षरजुळणी ब्राउझर नीट करतो. नावांचे रेषाचित्र न करता ती मजकूर म्हणूनच ठेवली आणि भाषा मराठी असल्याची नोंद केली, जेणेकरून स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, ती वाचता यावीत. स्तंभ आडवे केले, त्यामुळे प्रत्येक नाव सरळ ओळीत आले. आलेख लांबला, तो खाली सरकवत पाहावा लागतो. मला ते मान्य आहे.

रंगाची चूक मात्र निव्वळ माझ्या आवडीची होती. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे मला सुबक वाटत, पण त्यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक, मोजला तेव्हा तो २.८५ : १ निघाला, आणि डब्ल्यूसीएजी या वेब मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठीच्या निकषांच्या एए पातळीनुसार साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतो. आता अक्षरे जवळजवळ काळी आहेत. कोकण, विदर्भ असे विभाग पूर्वी केवळ लाल-हिरव्या रंगांनी वेगळे केले होते. आता विभागाचे नाव प्रत्येक गटाच्या डोक्यावर लिहिले आहे.

नवा आलेख पाहून मामांचा फोन आला. धाराशिवचा स्तंभ रत्नागिरीच्या मानाने इतका आखूड कसा, हे ते मला सह्याद्रीपासून समजावून सांगू लागले.