आरसीवर एक, ब्लॉकवर दुसरंच

दिग्रसमध्ये माझं लेथ आणि इंजिनाच्या बोरिंगचं दुकान आहे, म्हणजे झिजलेले सिलिंडर कोरून नव्या पिस्टनच्या मापाचे करून देतो. गेल्या हंगामात एक जीपमालक टेम्पोत ब्लॉक-क्रँक टाकून आला. सोबत मेकॅनिक, आणि मेकॅनिकच्या काखेत नवं पिस्टन किट. "भाऊ, फक्त बोअर मारून द्या, किट नागपूरहून आणलं."

किट आधी आणायचं आणि माप मागून घ्यायचं, ही आपल्याकडची रीतच. दुकानदार मॉडेल विचारतो, गिऱ्हाईक आरसीवरचं साल सांगतं, डबा मिळतो. पण महिंद्राच्या जीपा प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या इंजिनावरही आल्या आणि डीआयवरही, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनवर. बोलताना दोन्ही पंचवीसशेचीच. एक 2498 सीसी, दुसरं 2523. आत मात्र काडीचा मेळ नाही. प्यूजोचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 94 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 90. डीआयचा बोअर 88.9, स्ट्रोक 101.6. हे आडनिडे आकडे इंचात करून बघा: साडेतीन आणि चार, नेमके. ट्रॅक्टरच्या खानदानातलं इंजिन ते, त्याचा जन्मच इंचातला.

बोअर गेज घातला. वरच्या रिंगेपाशी झीज सगळ्यात जास्त असते, तिथल्या मापावर जाऊ नये. तळाशी, जिथवर रिंग पोचतच नाही, तिथे खरं माप सापडतं. तिथे 88.9 आलं. क्रँकचा थ्रो (मध्यापासून पिनपर्यंतचं अंतर) मोजला, दुप्पट केला, स्ट्रोक आला 101.6. डब्यातला पिस्टन 94 चा, आणि त्याच्या डोक्याला खोल वाटी नाही. प्यूजोत डिझेल हेडमधल्या कोठीत पेटतं, म्हणून तिथे हीटर प्लग. डीआयमध्ये ते थेट पिस्टनवरच्या वाटीत पडतं. वाटी नसेल तर जळणार कुठे?

मेकॅनिक म्हणे, "मंग पाच एमएम वाढवा ना, काय फरक पडते?" ओव्हरसाइज पिस्टन मूळ मापाहून अर्ध्या-एक मिलिमीटरनेच मोठे असतात हे त्याला कोणी शिकवलंच नसावं. असे लोक इंजिनं उघडतात आणि नाव बोरिंगवाल्याचं खराब होतं.

मालक आरसी काढून दाखवत होता, "याच्यावर तं हेच लिवलं हाये." म्हणून मी ब्लॉकवरची इंजिन नंबरची जागा रॉकेलने पुसली. नंबर आरसीवरचाच होता, पण अक्षरं खाली-वर ठोकलेली, आणि त्यांच्याखाली ग्राइंडरचे ओरखडे.

आता हे चोरीचं, की इंजिन बदलून कागदाला जुळावं म्हणून कुण्या उस्तादाने पंच मारलेलं? दुसरा प्रकार आमच्याकडे सर्रास. इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते. तिथले खेटे आठवले की माणूस पंच उचलतो. मालकाचा चेहरा तर खरंच उतरला होता. गाडी त्याने तिसऱ्या हाताने घेतलेली.

मी म्हटलं, आधी नोंदीचं बघा, तोवर मी मशीन लावत नाही. तो म्हणाला, "भाऊ, वेचणी चालू हाये, बाया रोज शेतात न्या लागते. आरटीओत कोण जाईन?" ब्लॉक पुन्हा टेम्पोत चढला.

पुढे ती जीप बायांनी भरलेली मला आर्णी रोडला दिसली, धूर न सोडता. बोअर कोणी मारला कळलं नाही, पण हात चांगला होता.