सत्यभामेचा रुसवा आणि काकूंचा माग

रविवार

श्रीकृष्ण पारिजात हा कन्नड लोकनाट्याचा खेळ बघून आल्यापासून डोक्यात एकच चाललंय, एका बाईच्या रुसव्याला माणसं अख्खी रात्र देतात. गोष्ट म्हटली तर केवढीशी, नारद पारिजातकाचं फूल आणतो, कृष्ण ते रुक्मिणीला देतो, सत्यभामेला कळतं आणि ती रुसते. झालं. आपल्या घरात असं कुणी रुसलं तर आपण दोन मिनिटं देतो, मग "असू दे की, तिचा स्वभावच तसला" म्हणायचं आणि आपापल्या कामाला लागायचं. आणि इथं गोकाककडच्या गावात देवळापुढं चादरी अंथरून म्हातारी माणसं, पोरंबाळं सगळी पहाटेपर्यंत बसून, कथा तोंडपाठ असून सुद्धा.

मला कन्नड बोलायला येतं पण पदं सगळी कळत नाहीत. शेजारचे अण्णा सोबत होते, त्यांचं घर कन्नड, ते मधेमधे कानाशी सांगायचे, "आता बघ, आता ती खरं सांगणार." भागवत आणि दूती ही दोन पात्रं मला फार आवडली. भागवत कथा पुढं नेतो, पण नुसता सांगत नाही, येणाऱ्या पात्राला थांबवून विचारतो, तू कोण, कशाला आलीस. दूती पण तशीच, सत्यभामेला बोलतं करते. आणि उत्तर देता देता ती राणी हळूहळू उलगडते, आधी नुसता राग दिसतो, मग अपमान, मग आपण कृष्णाला नको झालो का ही भीती. ती भीती गाण्यात आली तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी पदराने डोळे पुसत होती. हा खेळ लोकांपर्यंत नेणारे कुळगोडचे तम्मण्णा, आणि तो गाजवणाऱ्या कौजलगी निंगम्मा, दोन्ही गावं आपल्याच बेळगाव जिल्ह्यातली, आणि आम्हा मराठी घरांतल्या कितीजणांना ती नावं माहीत आहेत? मला खरंच वाईट वाटतं याचं.

परत येताना बसमध्ये कुमार गंधर्वांचा विचार आला, कारण वाटेत सुळेभावीचा फाटा लागला. तिथंच जन्म त्यांचा, १९२४ चा. १९४७ मध्ये क्षय झाला, देवासला अंथरुणावर, काही वर्षं गाणं बंद. एवढ्या मोठ्या गवयाला गाता येत नाही म्हणजे काय होत असेल, पण त्या काळात त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली, साध्या बायामाणसांची, आणि पुढं तीच त्यांच्या गाण्यात आली. मला वाटतं कलेचा निम्मा जीव या ऐकण्यातच असतो, गाणारा आधी कुणाचं तरी नीट ऐकतो तेव्हा कुठं आपल्याला माणसं ऐकू येतात. प्रकाश नारायण संतांचा लंपन वाचताना पण असंच झालेलं, आईवडलांपासून लांब आजी-आजोबांकडं राहणारं पोर, तो वाचल्यावर आमच्या गल्लीतली गप्प बसणारी पोरं मला वेगळी दिसायला लागली.

तर आज दुपारी काकूंकडं गेले. आमच्या वडगावात आता बहुतेक पॉवरलूमच, पण काकूंच्या घरात काकांचा जुना हातमाग तसाच आहे. काका गेल्यापासून दादा म्हणतोय विकू या, भंगारवाला येऊन भाव सांगून गेला, जागा अडते, तिथं नवीन लूम बसेल. काकू ऐकत नाहीत. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं की म्हातारपणाचा हट्ट, मी पण तेच म्हणायचे. आज भागवतासारखं विचारलं, काकू, माग का नको विकायला?

आधी म्हणाल्या, "कशाला विचारूलालीस, चहा घे." मग बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या, मी पण उठले नाही. मग सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा काका कुणाशी फार बोलायचे नाहीत, पण मागावर धागा तुटला की हाक मारायचे, काकूंची नजर चांगली म्हणून जोडायला. "दिवसातनं चारपाच वेळा तरी तुटायचा गं. तेवढंच त्यांचं माझ्याशी बोलणं. कधीकधी मला वाटायचं मुद्दाम तोडतात."

लहानपणापासून त्या मागाचा आवाज ऐकत मोठी झाले मी, आणि हे आज कळलं. माग बघितला की मला आता तो हाक मारणारा माणूस दिसतो, आणि हातातलं काम टाकून धावत येणारी एक नवी नवरी.

संध्याकाळी दादाला म्हटलं विकायचं नंतर बघू, आधी जरा जवळ बस त्यांच्या. दादा बसला नाही, त्याला ऑर्डरची घाई होती. पण त्याचा धाकटा बसला. त्याला आजोबा आठवतच नाहीत. त्यानं विचारलं, "आज्जी, आज्जा हाक कशी मारायचे तुला?" आणि काकूंनी आवाज बदलून अगदी काकांसारखी हाक मारून दाखवली, मग कोणतं लुगडं कुणाच्या लग्नाला विणलं, सूत कुठून यायचं, पहिली कमाई किती, सगळं सुरू झालं. दादा पण हळूच दारात येऊन उभा राहिला. जेवायला आज दहा वाजले.