सातशे वीस पट्ट्या, चौदाशे चाळीस कड्या: माझा अनुभव

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावात १८७०च्या दशकातली लाकडी घरं अजून नांदती आहेत. आमचं घर त्यातलंच. घेतलं तेव्हा खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या खोट्या झडपा स्क्रूने ठोकलेल्या होत्या. त्या ना मिटत, ना हलत. खऱ्या झडपा गॅरेजच्या माळ्यावर एकावर एक रचलेल्या सापडल्या. दहा खिडक्या, वीस झडपा. प्रत्येक झडपेत वरखाली दोन खण आणि प्रत्येक खणात अठरा आडव्या पट्ट्या.

मुंबईच्या जुन्या इमारतींतल्या झिलमिलीच्या खिडक्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही रचना लगेच कळेल. मधोमध एक उभी दांडी असते. ती वर ढकलली की सगळ्या पट्ट्या एकदम मिटतात, खाली ओढली की उघडतात. न्यू इंग्लंडची, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागातली, माणसं यांना ‘ब्लाइंड’ म्हणतात. त्यांच्या लेखी ‘शटर’ म्हणजे सलग फळीची झडप. हा फरक मला माहीत नव्हता, त्यामुळे पहिला महिना मी चुकीच्या शब्दाने माहिती शोधत होते.

लाकूड उत्तम होतं. पांढरा पाइन, दीडशे वर्षांचा, तरी रंधा मारला की वास येत होता. दगा दिला होता तो तारांनी. दांडी आणि पट्टी यांना जोडतात त्या तारेच्या दोन बारीक कड्या, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या. एक पट्टीच्या कडेत ठोकलेली, दुसरी दांडीत, आणि दोन्ही साखळीच्या दुव्यांसारख्या एकमेकींत अडकलेल्या. पट्टीतली आडवी, दांडीतली उभी. एवढ्याशा जोडावर अख्खी झडप चालते. आमच्याकडे निम्म्याहून जास्त कड्या गंजून तुटल्या होत्या आणि दांड्या सुट्या पडल्या होत्या. सगळ्याच नव्या घालायच्या ठरवल्या. सातशे वीस पट्ट्या, म्हणजे चौदाशे चाळीस कड्या.

रंगाचं काम थोडक्यात सांगते, पण ते वगळू नका. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली १९७८ साली. त्याआधीच्या घरात जुना रंग शिशाचाच आहे असं धरून चालायचं. त्यातून झडपांचा जुना हिरवा रंग कित्येकदा तांब्याच्या नाहीतर आर्सेनिकच्या रंगद्रव्याचा असतो. मी सगळं ओलं करून खरवडलं, मास्क लावून, खाली प्लास्टिक अंथरून, आणि मुलाला त्या दिवसांत गॅरेजकडे फिरकू दिलं नाही. कोरडा सँडपेपर अजिबात मारायचा नाही. सात थर निघाले, सगळ्यात खाली गर्द हिरवा.

कड्या आधी हातानेच ठोकून पाहिल्या. तार कापायची, पकडीने वाकवायची, चिमट्यात धरायची, छोट्या हातोडीने मारायची. पट्टीची कड जेमतेम सहा मिलिमीटर जाड, आणि कडीचे दोन्ही पाय लाकडाच्या एकाच रेषेत शिरतात. पहिल्या संध्याकाळी अकरा पट्ट्या झाल्या आणि त्यातल्या चार उभ्या चिरल्या. ज्या टिकल्या त्यांच्या कड्यांची उंचीही सारखी नव्हती. या हिशेबाने काम संपायला कित्येक महिने लागले असते आणि झडपा धड चालल्याही नसत्या.

आमच्याच राज्यातल्या ब्रिमफील्ड गावात मे, जुलै आणि सप्टेंबर असा वर्षातून तीनदा जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. मे महिन्यात तिथे एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलाखाली बिडाचं एक यंत्र दिसलं. मागे तारेचं रीळ अडकवायला खुंटी, पुढे हातभर लांबीची मूठ, मधे छोटं टेबल. तो म्हणाला, याने पुस्तकं शिवत असावेत. मला टेबलावरची खाच दिसली आणि छातीत धडधडायला लागलं, कारण त्या खाचेत आमच्या झडपेची दांडी बरोब्बर बसली असती. साठ डॉलर दिले आणि ते वीस किलोचं धूड दोन्ही हातांनी छातीशी धरून गाडीपर्यंत आणलं.

त्या काळात अमेरिकेत गावोगावी खिडक्या, दारं आणि झडपांचे कारखाने होते. विस्कॉन्सिनमधलं ऑशकॉश हे शहर तर या धंद्यावरच मोठं झालं. पट्ट्या कापायला, त्यांच्या टोकांना गोल खुंट्या पाडायला, चौकटीत भोकं पाडायला अशी वेगवेगळी यंत्रं असत. माझ्या हाती आलं ते शेवटच्या टप्प्याचं, कड्या ठोकायचं.

पण ते चालत नव्हतं. मूठ अर्ध्यावर येऊन अडायची. बाबांची कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ होती. शनिवारी सकाळी आठला, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी साडेपाचला, मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी यंत्र नीट बघितलंही नाही. म्हणाले, “फोन खाली ठेव त्याच्याशेजारी आणि मूठ ओढ. हळू.” मी ओढली. “परत.” परत ओढली. “अगं, दट्ट्या मोकळा हाय. मधलं काहीतरी माघारी जाईना झालंय. स्प्रिंग बघ.”

स्प्रिंग नव्हतीच. तिच्या जागी कुणीतरी खिळा वाकवून ठोकला होता.

मूळची स्प्रिंग कशी होती हे कळायला पेटंटचं चित्र हवं होतं. बिडावर पेटंटची तारीख ओतलेली होती. महिना आणि दिवस वाचता येत होते, वर्षाचा शेवटचा आकडा झिजून गेला होता. इथे एक गोष्ट कामी आली: अमेरिकेत पेटंट मंगळवारीच जाहीर होतात, आणि हा रिवाज यंत्राहून जुना आहे. त्या दशकात ती तारीख मंगळवारी कधी आली ते कॅलेंडरवर ताडून पाहिलं, तर दोनच वर्षं उरली. दोन्ही दिवशींची पेटंटं रात्री जेवणं झाल्यावर एकेक करून चाळली. तिसऱ्या रात्री माझं यंत्र समोर आलं, शाईने रेखलेलं, प्रत्येक भागाला अक्षर दिलेलं. स्प्रिंग वेटोळ्याची नव्हती, चपट्या पत्तीची होती. नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं.

त्या चित्रावरूनच मला यंत्राचं खरं काम कळलं. मूठ ओढली की आधी तार पुढे सरकते आणि तिरपी कापली जाते. तिरकस कापामुळे दोन्ही टोकं अणकुचीदार होतात, लाकूड फाकवत नाहीत. मग ती तार एका पोलादी जिभेवर वाकते आणि दट्ट्या तिला लाकडात ठोकतो. पण ती जीभ कमानीखाली तशीच राहते, म्हणून कडी पूर्ण बुडत नाही. तीन मिलिमीटरची कमान बाहेर राहते. मूठ वर गेली की जीभ स्प्रिंगने मागे सरकते. दांडीची कडी ठोकताना जिभेच्या खाचेत पट्टीची कडी उभी धरायची, म्हणजे नवी कडी तिच्यातून ओवली जाऊन लाकडात शिरते. मी हाताने करत होते तेव्हा नेमकी ही मोकळी जागाच मला राखता येत नव्हती. कडी जास्त आत गेली की पट्टी आखडायची, कमी गेली की खुळखुळायची.

पत्ती बाबांनी सांगितल्याप्रमाणे हॅकसॉच्या लवचीक पात्यातून केली. दात ग्राइंडरवर काढले, एक टोक लाल करून राखेत हळूहळू गार केलं, म्हणजे तिथे भोक पाडता आलं. उरलेलं पातं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, त्याचा ताव, म्हणजे पोलादाचा कडकपणा, जाऊ नये म्हणून. बसवली आणि मूठ ओढली. यंत्राने दोन आवाज केले, एक बारीक, एक जड. पलीकडून बाबा म्हणाले, “आता बोलतंय बघ.”

तारेने मात्र आणखी दोन आठवडे खाल्ले. बांधकामातली सळ्या बांधायची मऊ तार लावली, तर पाय लाकडात शिरताना दुमडले. स्प्रिंगची कडक तार लावली, तर ती नीट वाकेना आणि कापणाऱ्या पात्याला खाच पडली. ते पातं काढून कानशीने आणि मग तेलाच्या दगडावर पुन्हा धारेला आणावं लागलं. शेवटी जस्त चढवलेली मध्यम कडक तार जमली. जुन्या न गंजलेल्या कडीचं माप घेतलं होतं, सव्वा मिलिमीटर, तेवढ्याच जाडीची. असं काम कुणी करणार असेल तर जुनी एक तरी चांगली कडी जपून ठेवा. दुकानागणिक गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीच्या क्रमांकाचा, हिशेब बदलतो, मिलिमीटर बदलत नाही.

मग पट्ट्या भराभर झाल्या. उजव्या हातात मूठ, डाव्या हाताने पट्टी मध्यखुणेवर धरायची, खट्, पुढची. एका शनिवारी दोनशे. चिरलेल्या फक्त तीन, त्याही गाठीजवळच्या. मुठीतून लाकूड कळतं. पाय शिरताना एकसारखा विरोध लागला तर ठीक, मधेच हात सैल पडला तर समजायचं की चीर गेली. मोटरवर हे कळलं नसतं.

त्यानंतर दांडीला पट्ट्या ओवायच्या. यंत्रातून अठरा पट्ट्या लटकत बाहेर येतात ते दिसतं सुरमईच्या काट्यासारखं. पहिला खण पूर्ण झाला, चौकटीची एक बाजू काढून पट्ट्यांच्या खुंट्या भोकांत बसवल्या, बाजू परत लावली, दांडी ढकलली. वरच्या पट्ट्या गच्च मिटल्या आणि खालच्या बोटभर उघड्याच. दांडी आणखी रेटली, तर वरची कडी उपटून आली.

त्या रात्री मला खूप वाईट वाटलं, कारण चूक यंत्राची नव्हती आणि लाकडाचीही नव्हती. मी प्रत्येक कडीचं अंतर आधीच्या कडीपासून मोजत आले होते, अडतीस मिलिमीटर. दर वेळी अर्धा मिलिमीटर जास्त पडत होतं. सतरा अंतरं, साडेआठ मिलिमीटर. पट्टीच्या अक्षापासून कडी बावीस मिलिमीटरवर असते, तिथे साडेआठ म्हणजे पट्टी चांगलीच फिरली.

उपाय सोपा निघाला. पाइनची एक सरळ काठी घेतली, चौकटीच्या बाजूला लावली आणि चौकटीतल्या भोकांवरूनच तिच्यावर चाकूने खुणा केल्या. मग त्या खुणा काठीवरून दांडीवर उतरवल्या. टेपला हात लावायचा नाही. असं केल्यावर लक्षात आलं की मूळ भोकंही सगळी अडतीसवर नाहीत, आणि कुठल्याही दोन झडपा तंतोतंत सारख्या नाहीत. म्हणून प्रत्येक खणासाठी वेगळी काठी, चाळीस खणांच्या चाळीस काठ्या. झडपांच्या वरच्या कडेवर आधीच रोमन आकडे कोरलेले होते, कुठली झडप कुठल्या खिडकीची ते सांगणारे. मी तेच आकडे काठ्यांवर लिहिले. दीडशे वर्षांपूर्वी ज्याने ते पटाशीने कोरले त्यालाही हीच अडचण आली असणार.

ज्या चौकटींचे सांधे घट्ट होते त्या मी उघडल्या नाहीत. त्यांच्या पट्ट्यांवर यंत्र पोचत नाही. तिथे हातानेच काम केलं, पण यंत्राने पाडलेल्या कड्या न ठोकता बाहेर काढून घेतल्या आणि तीन मिलिमीटरची पत्र्याची पट्टी कमानीखाली धरून ठोकल्या. अशा चार झडपांना बाकी सोळांइतकाच वेळ गेला.

टांगताना एक काळजी घ्या. झडप मिटली की दांडी खोलीच्या बाजूला यायला हवी, नाहीतर आतून हात घालून पट्ट्या फिरवणार कशा? म्हणजे झडप उघडून भिंतीला टेकवली की दांडी रस्त्याकडे दिसते. आमच्या गल्लीतल्या तीन घरांवर त्या उलट्या टांगल्या आहेत.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी दहावी खिडकी झाली. बाबांना पश्चिमेच्या खोलीतून कॉल लावला. ऊन थेट आत येत होतं. मी झडपा मिटून घेतल्या आणि दांडी सावकाश खाली ओढली. जमिनीवर उन्हाच्या रेघा एकदम उमटल्या, वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीच्या. बाबा काही बोलेनात, मला वाटलं फोन तुटला.

“वरनं तिसरी,” ते म्हणाले, “जरा आखडतीय. तेल घाल तिच्या खुंटीला.”

मेणबत्तीचं मेण घासलं. आता तीही फिरते.