सप्टेंबर २०१८ चे उंदीर

जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० ला कोविडची महासाथ जाहीर केली, आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेला कुलूप लावायचा निरोप आला. सकाळीच मॅडमचा फोन. "आज संध्याकाळपर्यंत पिंजरे कमी करावे लागतील. उंदरांच्या प्रत्येक वाणाच्या दोन जोड्या ठेव. बाकीचे..." पुढचं त्यांच्याच्यानं बोलवलं नाही.

माझं पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू होतं. उतारवयात फुप्फुसातल्या प्रतिकारपेशी विषाणूला तोंड द्यायला उशीर का करतात, हा माझा विषय. त्याला म्हातारे उंदीर लागतात, आणि ते मिळवायचे तर वाट बघण्यावाचून गत्यंतर नसतं. १८ महिन्यांचा उंदीर म्हणजे माणसाच्या हिशेबानं साठीच्या आसपासचा. माझ्याकडे असे ४६ होते. पिंजऱ्यांवरच्या कार्डांवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, जन्म सप्टेंबर २०१८. दीड वर्ष त्यांना सांभाळलं होतं आणि सोमवारी प्रयोग सुरू व्हायचा होता. नेमकी त्याच आजारात म्हातारी माणसं सगळ्यात जास्त दगावत होती, आणि त्याच प्रश्नावरचं काम मला त्याच दिवशी गुंडाळावं लागत होतं. ही गोष्ट आजही मला सहन होत नाही.

वाण वाचवता येतो. शुक्राणू, भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला वर्षानुवर्षं टिकतात. पण त्यातून पुन्हा जन्मतं ते पिल्लू. त्याचं म्हातारपण पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं.

निदान ऊती तरी हाती लागाव्यात म्हणून मी कामाला लागले. म्हातारा उंदीर हातात घेतल्याबरोबर कळतो. पाठीवरची लव विरळ झालेली असते, कातडी सैल, आणि तो फारशी धडपड करत नाही. एकेका उंदराचं फुप्फुस काढायचं, अर्धं फॉर्मॅलिनमध्ये, अर्धं उणे ८० च्या फ्रीजरमध्ये. जिवंत पेशींची मोजणी तर विसराच, पेशी मोजायचं यंत्र, फ्लो सायटोमीटर, दुपारीच बंद केलं होतं. संध्याकाळपर्यंत ११ झाले. उरलेल्या ३५ उंदरांचे पिंजरे प्राणिगृहातल्या मामांनी कार्बन डायऑक्साइडच्या पेटीकडे नेले, त्यांना कायमचं झोपवायला. जाताना त्यांनी प्रत्येक कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

आमच्याकडे जानेवारीत एक मुलगी नव्यानं लागली होती. "ताई, मी धरू का?" तिनं दोनदा विचारलं. एकमेकांपासून लांब राहायचा नियम होता, म्हणून मी तिला दारापाशी उभं राहून नळ्यांचे क्रमांक लिहायला सांगितलं. मानेजवळची कातडी चिमटीत कशी धरायची, शेपटी कोमट करून शीर कशी वर आणायची, हे शेजारी उभं राहून, हाताला हात लावूनच शिकवावं लागतं. मलाही तसंच कुणीतरी शिकवलं होतं. पुढचे कित्येक महिने ती हे सगळं व्हिडिओत बघत राहिली.

मधल्या काळात मी कोविड तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं. आरटी-पीसीआरच्या ९६ खाचांच्या प्लेटी दिवसरात्र भरल्या. ते काम गरजेचं होतं आणि मी ते मनापासून केलं. प्रबंधात त्याची एक ओळही येत नाही.

आमची प्रयोगशाळा पाळ्यांमध्ये सुरू झाली ती जुलैत. फेलोशिप मे २०२१ ला संपणार होती, सहा महिने वाढवून मिळाले, म्हणजे नोव्हेंबर. नवी पिल्लं जन्मली ऑगस्टमध्ये. ती १८ महिन्यांची होणार फेब्रुवारी २०२२ ला. मी हा हिशेब कितीतरी वेळा मांडला, दर वेळी तीन महिने कमीच पडले. मुदतवाढ देणाऱ्यांनी बंद राहिलेले दिवस मोजले होते. उंदरांचं वय कुणी धरलंच नव्हतं.

शेवटी त्या ११ फुप्फुसांवर आणि तरुण उंदरांवर प्रबंध उभा केला. प्रश्न लहान करून घेतला. आता मी दुसऱ्याच विषयावर काम करते.

फेब्रुवारीत त्या मुलीचा फोन आला. "ताई, उद्या येताय? म्हातारे तयार आहेत." गेले. कार्डांवर आता तिचं अक्षर होतं. मी तिच्या शेजारी उभी राहिले, शेपटी कोमट झाल्याची खात्री केली आणि तिचं मनगट किंचित खाली दाबलं. पहिली सुई तिनं टोचली.